कावसजीचं नाक आणि मेण

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळच्या एका ऑपरेशनचं वर्णन आहे. कावसजी हा इंग्रजी फौजेतला मराठा गाडीवान. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून बसला. नाक परत केलं ते विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने. त्याचं नाव मात्र त्यात नाही, बघणाऱ्या साहेबांची आहेत!

पद्धत झकास. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवायचा, मग सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने आखायचं आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांमधला पट्टा जोडलेलाच, म्हणजे रक्तपुरवठा चालू. टाके नाहीत, काताचा लेप. साधारण २५ व्या दिवशी पट्टा कापायचा.

म्हणजे मेण फक्त मापापुरतं. शंभरेक वर्षांनी व्हिएन्नाच्या गेरसूनीमुळे युरोपात व्हॅसलीन, पॅराफिन चक्क चेहऱ्यात टोचायची फॅशन आली. ते सरकायचं, गाठी व्हायच्या. ग्लॅडिस डीकन या सुंदरीच्या नाकातलं मेण हनुवटीकडे उतरलं म्हणतात.

आजच्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरला निदान 'अनडू' आहे: हायलुरोनिडेझ टोचलं की विरघळतं. सिलिकोन किंवा पीएमएमएला तसं काही नाही. गाठ कधीकधी काही वर्षांनी येते. मग गाठीत स्टिरॉइड, जंतुसंसर्ग असेल तर अँटिबायोटिक, नाहीतर शस्त्रक्रिया. तीत सगळं निघेलच असं नाही, कारण माल आजूबाजूच्या मांसात मुरलेला असतो. आत नक्की काय घातलंय हे डॉक्टरला आधी कळावं लागतं, आणि ते पेशंटलाच ठाऊक नसतं, कारण बाटलीवरचं नाव त्याने बघितलेलंच नसतं.