शर्यतीची मोटार आणि सैन्यभरती

सैन्याला तरुण हवेत आणि तरुण क्रीडांगणावर जमतात. तेव्हां पैसा तेथेंच ओतावा, हा विचार वरवर पाहतां बिनतोड वाटतो. अमेरिकेच्या नॅशनल गार्डनें तो आचरून पाहिला. नॅसकारच्या शर्यतींत डेल अर्नहार्ट (धाकटे) यांच्या ८८ क्रमांकाच्या मोटारीवर गार्डचें नांव झळकूं लागलें. २०१२ सालीं नॅसकारमधील जाहिरातीपायीं २ कोटि ६५ लक्ष डॉलर खर्च झाले. सुमारें २४,८०० जणांनीं चौकशी केली. पात्र ठरले अवघे २०. भरती झाला एकहि नाहीं! त्याच वर्षीं असा खर्च थांबविण्याची सूचना प्रतिनिधिगृहानें २१६ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळली होती. नांव सर्वतोमुखी होतें, हा लाभ आंकड्यांत मावत नाहीं, असें समर्थक म्हणत. तथापि २०१४ सालीं गार्डनेंच हा करार पुढें न चालविण्याचें जाहीर केलें. सार्वजनिक द्रव्य वेंचतांना प्रेक्षकांची गर्दी नव्हे, भरतीचा आंकडा मोजावा, हाच या प्रकरणाचा बोध.