बारीक होण्याचे औषध आणि मूत्रपिंड
१९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट आढळली. वजन उतरविण्याच्या एकाच उपचारकेंद्रात गेलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत होती. तेथल्या औषधात स्टेफानिया या चिनी वनस्पतीऐवजी विषारी ॲरिस्टोलोकिया आली होती. चिनी भाषेत दोहोंची नावे जवळजवळ सारखीच! पोत्यातला माल तपासायचा कोणी, हा आम्हां कामगारांच्या ओळखीचा प्रश्न तेथे वेळेवर विचारला गेला नाही. शंभराहून अधिक रुग्ण निघाले. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

म्हणून सारीच औषधे त्याज्य, असे आम्ही म्हणणार नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने मूत्रपिंडविकार असलेल्या मधुमेही रुग्णांचा ऱ्हास मंदावला. मात्र त्याने वांत्या-जुलाब होऊन अंगातले पाणी आटले, तर दुबळे मूत्रपिंड आणखी खचते. अशा वेळी डॉक्टरांना कळवून, क्रिएटिनिन तपासून मगच पुढची सुई घ्यावी.