वाकड्या शेताचे क्षेत्रफळ

काटकोनी शेत मोजणे सोपे. लांबीला रुंदीने गुणले की झाले. पण नदीकाठचे शेत कुठे सरळ असते? एक बांध लांब, दुसरा आखूड, तिसरा तिरपा. त्यासाठी एक फार जुनी युक्ती आहे. समोरासमोरच्या बांधांची सरासरी घ्यायची आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवर दानाच्या जमिनींचे हिशेब याच रीतीने कोरलेले आहेत. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये ही रीत सांगितली. मात्र तिला 'स्थूल' म्हटले.

आता या स्थूलपणाची गोम पाहा. शेत काटकोनी नसेल तर या रीतीने क्षेत्र नेहमी जास्तच भरते, कमी कधीच नाही. समजा, चारही बांध 13-13 साखळ्यांचे आहेत. साखळी 33 फुटांची. एक साखळी औरसचौरस म्हणजे एक गुंठा. गुणाकार आला 169 गुंठे, म्हणजे 4 एकर 9 गुंठे. पण शेत तिरपे आहे. समोरासमोरचे कोपरे जोडले तर एक कर्ण 24 साखळ्या आणि दुसरा 10. मग खरे क्षेत्र कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे 120 गुंठे; नेमके तीन एकर! उरलेल्या 49 गुंठ्यांत एक काडी उगवत नाही, पण सारा मात्र त्यांचाही द्यायचा.

भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त यावर बोट ठेवले. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला, आणि सांगणाऱ्यालाही, ते सरळ पिशाच्च म्हणतात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या मठाचा 1207 चा शिलालेख आहे. तेव्हा हा रागीट गणिती आपल्या खानदेशाला परका नाही. गुरुजींनी वर्गात चार सारख्या काठ्यांची टोके सैल बांधून चौकोन करावा आणि तो हळूहळू दाबावा. काठ्या तेवढ्याच राहतात, आतली जागा मात्र नाहीशी होत जाते. मुलांना आचार्यांचा राग लगेच कळेल.

यावरचा व्यवहारी उपाय मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीत दिसतो. साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. शेताच्या आरपार एक सरळ रेषा टाकायची, तिच्यावर शंकू उभा करून बांधाच्या प्रत्येक वळणाशी काटकोनात अंतर घ्यायचे. वाकड्या शेताचे असे त्रिकोण आणि पट्टे पडतात. एका पट्ट्याचे दोन लंब 3 आणि 5 साखळ्या, त्यांच्यातले अंतर 4, तर क्षेत्र 16 गुंठे. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे शेत. बांध नाल्यासारखा नागमोडी असेल तर लंब जास्त घ्यावे लागतात, एवढेच. ही अंतरे ज्या कच्च्या आकृतीवर मांडत तिला टिपण म्हणतात. आज मोजणीला उपग्रहाचा आधार घेणारे रोव्हर यंत्र येते, गुंठ्यांऐवजी आर लिहितात. पण हद्दीचा तंटा निघाला की ते जुने टिपण अजूनही बाहेर काढावे लागते.