मायक्रोवेव्ह ओव्हनमधील तापनाची समरूपता

मायक्रोवेव्ह ओव्हनमधील तापनाची समरूपता म्हणजे ओव्हनमध्ये ठेवलेल्या पदार्थाच्या सर्व भागांचे तापमान एकाच वेळी सारख्या प्रमाणात वाढणे. प्रत्यक्षात ही समरूपता पूर्णपणे साधत नाही. एकाच ताटलीतील भात कडेला वाफाळलेला आणि मधोमध थंड असणे, हा या उपकरणाचा सर्वपरिचित दोष आहे. त्याचा संबंध केवळ चवीशी नसून अन्नसुरक्षेशीही आहे, कारण थंड राहिलेल्या भागात रोगकारक जिवाणू जिवंत राहू शकतात. फिरते तबक, तरंग विखुरणारा पंखा, शक्तीचे नियंत्रण आणि पदार्थाची योग्य मांडणी हे समरूपता वाढविण्याचे प्रमुख उपाय आहेत.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतील रेथिऑन या कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नलिकांवर काम करणारे अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये सूक्ष्मतरंगांनी अन्न शिजविण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९४७ मध्ये ‘राडारेंज’ हा पहिला व्यापारी ओव्हन बाजारात आला. १९६७ मध्ये अमाना कंपनीने ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन विक्रीस आणला. धातूच्या बंद पेटीत तरंग सोडून अन्न तापविण्याची मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. म्हणून असमान तापनाचा प्रश्नही या उपकरणाइतकाच जुना आहे.

## असमान तापनाची कारणे

### अप्रगामी तरंग

घरगुती ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन सुमारे २,४५० मेगाहर्ट्झ कंप्रतेचे तरंग निर्माण करतो. हवेत त्यांची तरंगलांबी सुमारे १२.२ सेंमी असते. पेटीच्या धातूच्या भिंतींवरून हे तरंग परावर्तित होतात. येणारे व परतणारे तरंग एकमेकांत मिसळून अप्रगामी तरंग तयार होतात. जेथे विद्युत क्षेत्र तीव्र असते तेथे (प्रस्पंदापाशी) पदार्थ लवकर तापतो, तर जेथे ते जवळजवळ शून्य असते तेथे (निस्पंदापाशी) तो थंड राहतो. लगतच्या दोन प्रस्पंदांतील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे, म्हणजे सुमारे ६.१ सेंमी असते. पेटी त्रिमित असल्यामुळे आणि तिच्यात एकाच वेळी अनेक प्रकारची कंपने संभवत असल्यामुळे प्रत्यक्षातील आकृतिबंध बराच गुंतागुंतीचा असतो. पदार्थ आत ठेवताच तो पुन्हा बदलतो. त्यामुळे रिकाम्या पेटीतील उष्ण जागा शोधून तेथे पदार्थ ठेवणे, हा खात्रीचा उपाय ठरत नाही.

### तरंगांच्या शिरकावाची खोली

मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ आतून बाहेर शिजतो, हा समज चुकीचा आहे. तरंग पदार्थाच्या पृष्ठभागातून आत शिरतात आणि जसजसे खोल जातात तसतशी त्यांची ऊर्जा शोषली जाऊन ती क्षीण होते. सामान्य तापमानाच्या पाण्यात साधारणपणे दीड ते दोन सेंटीमीटर खोलीवर ती मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते. मिठाच्या पदार्थात ही खोली आणखी कमी असते. म्हणून जाड पदार्थाचा गाभा तरंगांनी थेट तापत नाही. बाहेरच्या थरातून वहनाने येणाऱ्या उष्णतेवरच तो अवलंबून असतो आणि हे वहन संथ असते.

### पदार्थाचा आकार

कोपऱ्यांवर तरंग एकापेक्षा अधिक बाजूंनी पोहोचतात. त्यामुळे चौकोनी डब्यातील अन्न कोपऱ्यांत करपते किंवा सुकते. याउलट लहान गोलाकार पदार्थात तरंग वक्र पृष्ठभागामुळे मध्याकडे एकवटू शकतात. सालीसकट अंडे ओव्हनमध्ये फुटते ते आतील भागात कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे.

### गोठलेले पदार्थ

पाण्याचे रेणू बदलत्या विद्युत क्षेत्राबरोबर फिरण्याचा प्रयत्न करतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. बर्फातील रेणू स्फटिकरचनेत जखडलेले असल्यामुळे या कंप्रतेला बर्फ पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी ऊर्जा शोषतो. गोठलेल्या पदार्थाचा एखादा भाग प्रथम वितळला, की तोच भाग अधिकाधिक ऊर्जा शोषू लागतो आणि आणखी तापतो. परिणामी एका टोकाला मांस शिजू लागते, तर दुसऱ्या टोकाला ते अद्याप गोठलेलेच असते.

## उपकरणातील उपाय

फिरते तबक : काचेचे तबक फिरत असल्यामुळे पदार्थाचा प्रत्येक भाग तीव्र आणि मंद क्षेत्रांतून आळीपाळीने जातो. तथापि यामुळे केवळ वर्तुळाच्या परिघावरील फरक मिटतो; केंद्रापासून कडेपर्यंतचा फरक कायम राहतो. तबकाचा मध्यबिंदू फिरूनही जागचा हलत नाही. तेथे क्षेत्र मंद असल्यास तो भाग थंडच राहतो.

तरंग विखुरणारा पंखा : तरंग पेटीत शिरतात त्या जागेजवळ धातूची पाती फिरती ठेवली, तर परावर्तनाच्या दिशा सतत बदलतात आणि उष्ण जागा स्थिर राहत नाहीत. उपाहारगृहांतील मोठ्या ओव्हनमध्ये ही रचना आढळते. सपाट तळाच्या काही ओव्हनमध्ये तळाखाली फिरता अँटेना बसविलेला असतो.

शक्तीचे नियंत्रण : साध्या ओव्हनमध्ये ‘निम्मी शक्ती’ म्हणजे मॅग्नेट्रॉन निम्मा वेळ पूर्ण शक्तीने चालू आणि निम्मा वेळ बंद. बंद असण्याच्या काळात उष्णता गाभ्याकडे पसरते. इन्व्हर्टर पद्धतीच्या ओव्हनमध्ये शक्ती खरोखरच कमी करून सलग पुरविता येते.

अर्धवाहक जनित्रे : मॅग्नेट्रॉनऐवजी अर्धवाहक प्रवर्धक वापरल्यास २,४०० ते २,५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कंप्रता बदलता येते आणि अनेक प्रवेशद्वारांतील तरंगांची कला नियंत्रित करता येते. त्यायोगे उष्ण जागा हेतुतः हलविता येतात. अधिक खर्चामुळे घरगुती ओव्हनमध्ये हे तंत्र विरळा आहे.

औद्योगिक उपाय : अमेरिकेत गोठलेल्या मांसाचे मोठे ठोकळे नरम करण्यासाठी ९१५ मेगाहर्ट्झचे तरंग वापरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ३३ सेंमी असल्यामुळे ते अधिक खोल शिरतात. ब्रिटनमध्ये याच कामासाठी ८९६ मेगाहर्ट्झ कंप्रता वापरली जाते.

## वापरातील उपाय

* पदार्थ ढीग करून न ठेवता पसरट, गोल भांड्यात सारख्या जाडीने पसरणे.
* भात किंवा उपमा यांसारखा पदार्थ मध्ये खळगा ठेवून कड्याच्या आकारात मांडणे; बटाट्यांसारखे सुटे नग तबकाच्या कडेने वर्तुळात ठेवणे.
* जाड भाग बाहेरच्या बाजूस व पातळ भाग आतल्या बाजूस ठेवणे.
* अर्धा वेळ झाल्यावर पदार्थ ढवळणे, किंवा ढवळण्याजोगा नसल्यास उलटणे.
* वाफेला वाट ठेवून झाकण ठेवणे; कोंडलेली वाफ पृष्ठभाग सारखा तापविते.
* जाड पदार्थ कमी शक्तीवर अधिक वेळ तापविणे आणि बाहेर काढण्यापूर्वी काही मिनिटे तसाच ठेवणे. या विश्रांतीच्या काळात तापमानातील फरक कमी होतो.

## अन्नसुरक्षा

उरलेले अन्न पुन्हा तापविताना त्याचा प्रत्येक भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचावा, अशी अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आहे. वाफ दिसणे हा त्याचा पुरावा नव्हे; अनेक जागी तापमापक खुपसून पाहणे हीच खात्रीची रीत होय. मात्र समरूप तापनालाही मर्यादा आहे. बराच वेळ उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू जे वांतिकारक विष तयार करतो, ते पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही.

तान्ह्या मुलांच्या दुधाबाबत धोका उलट प्रकारचा आहे. बाटली बाहेरून कोमट लागत असताना आतील दुधाचा काही भाग तोंड भाजण्याइतका तप्त असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार बालकांचे भुकटीचे दूध तयार करण्यासाठी किंवा कोमट करण्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हन वापरू नये.

## मापन

अवरक्त कॅमेऱ्याने पृष्ठभागावरील तापमानाचे चित्र मिळते, आतील भागाचे मिळत नाही. धातूचे संवेदक तरंगांमध्ये अडथळा आणतात, म्हणून चालू ओव्हनमध्ये प्रकाशतंतूंचे संवेदक वापरले जातात. घरगुती ओव्हनच्या कार्यक्षमतेच्या चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे ६०७०५ हे मानक आहे.

उष्ण जागा डोळ्यांनी पाहण्यासाठी उडदाचा पापड हे सोपे साधन आहे. तबक काढून, फिरणाऱ्या चाकावर उपडी बशी झाकून तिच्यावर कच्चा पापड ठेवला आणि ओव्हन काही सेकंद चालविला, तर पापड ठिकठिकाणी फुलतो व इतरत्र कच्चाच राहतो. लगतच्या फुललेल्या ठिपक्यांमधील अंतराची दुप्पट केल्यास तरंगलांबीचा आणि तिला कंप्रतेने गुणल्यास प्रकाशाच्या वेगाचा स्थूल अंदाज येतो.

## हेही पहा

* सूक्ष्मतरंग
* मॅग्नेट्रॉन
* अप्रगामी तरंग
* उष्णतेचे वहन