पोलादी बंपर आणि पावडर कोटिंग : टिकाऊपणाचे मूळ थराखाली

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या घाटवाटा आणि कोकणातील कच्चे रस्ते तुडवून आलेल्या जीपगाड्या धुण्यासाठी गॅरेजच्या रॅम्पवर चढतात. पाण्याच्या झोताबरोबर पत्र्यावरचा लाल चिखल वाहून जातो; पण पोलादी बंपरच्या खालच्या कडेवरचा लालसर पट्टा काही केल्या निघत नाही. तो चिखल नसतो, गंज असतो. जांभ्याच्या मातीचा आणि गंजाचा रंग इतका मिळताजुळता की, चार महिने तो नजरेतून निसटतो. मग मालकाला प्रश्न पडतो, 'पावडर कोटिंग केले होते, तरी हे झाले कसे?'

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर बहुधा वरच्या काळ्या थरात नव्हे, तर त्या थराच्या खाली सापडते.

पावडर कोटिंग म्हणजे काय?

नेहमीच्या रंगात रंगद्रव्य आणि रेझिन हे द्रावकात मिसळलेले असतात. द्रावक उडून गेला की रंग वाळतो. पावडर कोटिंगमध्ये द्रावक नसतोच. रेझिन, रंगद्रव्य आणि थर कठीण करणारे घटक यांची पिठासारखी बारीक भुकटी विद्युतभारित करून बंदुकीतून फवारली जाते. बंपर अर्थिंगला जोडलेला असल्याने ती त्याच्याकडे ओढली जाऊन चिकटून राहते. त्यानंतर बंपर भट्टीत भाजतात. उष्णतेने भुकटी वितळते, सलग पसरते आणि तिच्या रेणूंचे जाळे विणले जाते. हे जाळे एकदा तयार झाले की पुन्हा वितळत नाही. थराच्या चिवटपणाचे रहस्य यातच आहे. धातूवर भुकटीचा थर चढवण्याच्या या तंत्राची सुरुवात १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी केली. त्या वेळी तापवलेली वस्तू भुकटीत बुडवली जाई. विद्युतभारित फवाऱ्याची पद्धत नंतर आली.

एका हाताचा थर साधारणपणे ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका असतो. एवढ्या पातळ थराने खडीचा मारा, ऊन आणि खारी हवा सोसायची, तर त्याची पकड पक्की असली पाहिजे.

खरे काम फवाऱ्याआधीचे

बंपर जाड, गरम लाटलेल्या पोलादी पत्र्याचा घडवतात. अशा पत्र्यावर कारखान्यातूनच निळसर काळ्या ऑक्साइडचा पापुद्रा आलेला असतो. तो दिसायला घट्ट वाटतो; पण पत्रा वाकवला किंवा आदळला की तडकतो आणि वरचा थर घेऊनच सुटतो. ऑक्सिजनच्या साहाय्याने लेझरने कापलेल्या कडांवरही असाच पापुद्रा राहतो. बंपरचे पोपडे बहुतेक वेळा कडेपासून निघू लागतात, त्याचे हे एक मोठे कारण. वेल्डिंगची राख, उडालेले थेंब आणि हाताळणीतले तेल यांची भर निराळीच.

म्हणून पहिली पायरी तेल काढण्याची. तेलकट पत्र्यावर थेट खडे मारले, तर तेल निघून जाण्याऐवजी खरबरीत पृष्ठभागात ठासले जाते. त्यानंतर पोलादी खड्यांच्या माऱ्याने पत्रा उघडा करायचा. आयएसओ ८५०१-१ या मानकात या स्वच्छतेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. 'एसए २.५' या पायरीला पत्रा जवळपास शुभ्र दिसतो आणि पापुद्र्याच्या केवळ फिकट खुणा उरतात. बंपरसाठी हीच पातळी मागावी. पुढे फॉस्फेटची प्रक्रिया केली, तर थराला धरून राहण्यासाठी बारीक स्फटिकांचा आधार मिळतो आणि थराखाली गंज पसरण्याचा वेगही मंदावतो.

उघडा केलेला पत्रा मात्र थांबत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यावर काही तासांतच गंजाची झाक येऊ लागते. सकाळी घासलेला बंपर दुसऱ्या दिवशी फवारायला घेणे, ही पावसाळ्यात अंगाशी येणारी चूक ठरते.

कडा, कोपरे आणि पोकळी

भुकटी वितळून पसरताना धारदार कडेवरून मागे सरकते आणि नेमका तिथेच थर पातळ होतो. कापलेल्या कडा आधी घासून किंचित गोल केल्या, तर हा दोष बराच कमी होतो. याउलट खोल कोपऱ्यांत भुकटी पोचतच नाही. भारित कण आत शिरण्याआधी जवळच्या कडांकडे ओढले जातात. विंचच्या बैठकीमागचे कोनाडे म्हणूनच बाहेरून काळे आणि आतून जवळपास उघडे राहतात.

पेटीसारख्या बंद बंपरची आतली बाजू हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पावडरची बंदूक तिथवर जात नाही. पाणी आणि चिखल मात्र हमखास जातो. मोटार कारखान्यांत गाडीचा सांगाडा रंगाच्या द्रावणात बुडवून विद्युतप्रवाहाने प्राथमिक थर चढवतात. तो पोकळीतही पोचतो. लहान वर्कशॉपमध्ये ही सोय नसते. तिथे पाण्याच्या निचऱ्यासाठी सर्वांत खालच्या बिंदूला भोके ठेवणे आणि पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारणे, हेच व्यवहार्य उपाय होत.

कोणती पावडर निवडावी?

इपॉक्सी पावडर धातूला उत्तम धरते आणि ओलाव्याला दाद देत नाही. पण उन्हातील अतिनील किरणांनी ती फिकी पडून खडूसारखी भुकटते. पॉलिएस्टर पावडर ऊन चांगले सोसते. त्यामुळे किनारपट्टीवर फिरणाऱ्या गाडीसाठी दोन थरांची पद्धत योग्य ठरते. खाली जस्तयुक्त इपॉक्सीचा प्राइमर आणि वर पॉलिएस्टर. टवका उडून पोलाद उघडे पडले, तरी प्राइमरमधील जस्त आधी स्वतः झिजते आणि काही काळ पोलादाला वाचवते. यात एक पथ्य आहे. प्राइमर अर्धवट भाजलेला असतानाच वरचा थर देऊन दोन्ही एकत्र पक्के भाजावेत. प्राइमर आधीच पूर्ण भाजला गेला, तर दोन थरांची एकमेकांवरील पकड सैल राहते.

भाजणीचा हिशेबही नीट समजून घेतला पाहिजे. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि १० ते २० मिनिटे, हे पावडरच्या पाकिटावरचे आकडे धातूच्या तापमानाचे असतात, भट्टीतल्या हवेचे नव्हेत. जाड पोलाद तापायला वेळ घेते. पातळ पत्र्याच्या सवयीने घड्याळ लावले, तर बंपर चकचकीत दिसूनही आतून कच्चा राहतो आणि पहिल्याच खडीने त्याचा टवका उडतो.

खडी, मीठ आणि पाणी

चांगला थरही अमर नसतो. पुढच्या चाकांनी उडवलेली खडी, काटेरी झुडपे आणि विंचचा दोर यांनी कुठे तरी पोलाद उघडे पडतेच. प्रश्न असतो तो त्यानंतरचा. तयारी नीट झालेली असेल, तर गंज त्या टवक्यापुरता राहतो. तयारीत कसूर असेल, तर ओलावा थराखाली सरकत जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने थर फुगून उचलला जातो. समुद्रकाठी मिठातील क्लोराइड ही क्रिया सतत चालू ठेवते, कारण मीठ हवेतील ओलावा खेचून पृष्ठभाग दमट ठेवते.

'इतके तास मीठफवारा चाचणीत टिकलेले' अशी जाहिरात अनेकदा दिसते. एएसटीएम बी११७ या प्रचलित चाचणीत ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा ३५ अंश तापमानात अखंड चालतो. दोन थरांची तुलना करण्यास ती उपयोगी आहे. पण तासांचे रूपांतर वर्षांत करता येत नाही. तिच्यात ऊन नसते, खडी नसते आणि ओल्या-कोरड्याचे चक्रही नसते.

गिऱ्हाइकाने काय विचारावे?

खड्यांचा मारा करणार की नुसते आम्लात धुणार? फवारणी त्याच दिवशी होणार का? प्राइमर कोणता? जाडी मापकाने मोजून दाखवणार का? नटबोल्टचे आटे आणि चॅसिसला टेकणारे भाग झाकणार का? यातील शेवटचा प्रश्न किरकोळ नव्हे. बोल्टखाली जाड थर आला, तर दाबाने तो हळूहळू दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. ओढदोर अडकवण्याच्या जागी तर हे धोक्याचे आहे.

निगा आणि दुरुस्ती

समुद्रकाठून परतल्यावर बंपर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावा. धुतल्यानंतरही लाल डाग उरला, तर तो गंज समजावा. टवका दिसताच भोवतालचा सुटलेला थर काढून पोलाद चकचकीत होईपर्यंत घासावे. मग इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्राइमर लावून वर हवेत वाळणारा रंग द्यावा. पावडरचे ठिगळ गार धातूवर लागत नाही. फुगवटे जागोजागी आले असतील, तर वरून रंग मारणे व्यर्थ; थर पूर्ण उतरवून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड व बुल बार बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग असल्याचे कळवले. पादचाऱ्यांना आणि गाडीतील प्रवाशांनाही त्यांचा धोका असतो. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावरील गाडीला बाहेरून आणलेला पोलादी बंपर लावण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

चिखलात रुतलेली गाडी ओढून काढताना काही टनांचा ताण बंपरच्या मोजक्या सांध्यांवर येतो. आतून कुजलेला सांधा अशा वेळी तुटला, तर ताणलेल्या दोरासह लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि समोर उभा असलेला माणूस जायबंदी होतो किंवा प्राणालाही मुकतो. वरचा काळा रंग शाबूत असल्याने हे कुजणे कोणाच्या लक्षात आलेले नसते. म्हणूनच पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली वाकून, बॅटरी मारून बंपरची मागची बाजू आणि बोल्टांच्या जागा पाहाव्यात. समोरून न दिसणाऱ्या या जागीच थराची खरी परीक्षा होते.