आयनद्रायूचे चुंबकीय परिरोधन

अतितप्त आयनद्रायू म्हणजेच प्लाझ्मा (मुक्त इलेक्ट्रॉन व धन आयन यांचे मिश्रण) पात्राच्या भिंतींना टेकू न देता चुंबकीय क्षेत्राने बंदिस्त ठेवण्याची ही पद्धती होय. ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या अणुकेंद्रांच्या संयोगापासून ऊर्जा मिळविण्यासाठी सु. १० कोटी अंश से. वा अधिक तापमान लागते. ते कोणत्याही घन पात्राला सोसणारे नाही.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथील अणुऊर्जाविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी, ही ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले. त्या वेळी अमेरिका, ब्रिटन व रशिया यांचे यासंबंधीचे संशोधन गुप्त होते. १९५८ च्या दुसऱ्या परिषदेत ते खुले झाले, तेव्हा खरी अडचण आयनद्रायूच्या अस्थिरतेची आहे, हेही सर्वांस कळले.

रशियातील टोकामाक या कंकणाकृती यंत्राने मार्ग दाखविला. त्यातील विरल वायूत रोहित्राच्या तत्त्वाने विद्युत् प्रवाह प्रवर्तित करतात. वायूचे आयनीभवन होऊन तो तापतो. वेटोळ्यांचे क्षेत्र व या प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र मिळून सर्पिल बलरेषा तयार होतात आणि कण त्यांना धरून फिरतात. १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी टी-३ या टोकामाकातील सु. १ कोटी अंश तापमान लेसरच्या साहाय्याने मोजून रशियनांचा दावा खरा ठरविला.

भारतात गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा टोकामाक कार्यान्वित झाला. त्यातील आयनद्रायू सेकंदाच्या अंशापुरताच टिके. अतिसंवाहक वेटोळ्यांच्या एसएसटी-१ मध्ये २०१३ साली आयनद्रायू निर्माण झाला. संकल्पित कालावधी १,००० सेकंद असला, तरी प्रारंभीची स्पंदे सेकंदाहूनही अल्प होती.

फ्रान्समधील ईटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत २००५ पासून सहभागी आहे. त्याच्या अतिशीत चुंबकांभोवतीचे सु. ३,८५० टनांचे निर्वात पात्र, क्रायोस्टॅट, खंडशः हजीरा येथे घडविण्यात आले. जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहणारी तापी याच ठिकाणी समुद्रास मिळते. खानदेशाचा या इतिहासाशी असलेला संबंध एवढाच, व तोही नदीपुरता.

ब्रिटनमधील जेट यंत्राने २०२३ मध्ये ६९ मेगाजूल संयोग-ऊर्जा दिली. ती आयनद्रायू तापविण्यास लागलेल्या ऊर्जेहून कमीच होती. २०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार ईटरमधील ड्यूटेरियम-ट्रिटियम प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत.