हंगामी करमणूक व जादा तासांचा मोबदला

जत्रेंतील रहाटपाळण्यांत बसतांना तो फिरविणाराचा दिवस किती तासांचा, हें आपण क्वचितच विचारतों. अमेरिकेंत हा प्रश्न कायद्यापुढें आला.

१९३८ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सही केलेल्या श्रमविषयक कायद्यानें जादा कामास दीडपट वेतन ठरविलें; १९४० पासून मर्यादा आठवड्यास ४० तासांची झाली. १९६०च्या दशकांत कायद्याचें क्षेत्र वाढलें, तेव्हां हंगामी करमणुकीच्या स्थळांस मात्र किमान वेतन व जादा मोबदला या दोहोंतून सूट मिळाली. वर्षांत सात महिन्यांहून अधिक न चालणारें स्थळ तीस पात्र. तसेंच, ज्याची मंदीच्या सहा महिन्यांतील सरासरी आवक उरलेल्या सहांच्या एकतृतीयांशाहून अधिक नाहीं, तेंही.

थोड्या महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढावें लागतें, हें मालकांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु या कसोटींत मालकाची आवक मोजली जाते, कामगाराचे तास नव्हेत.

१९७७ सालीं राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक खासगी ठेकेदारांची ही सूट आकुंचित झाली: किमान वेतन बंधनकारक झालें, दीडपट दर ५६ तासांपुढें लागूं लागला. चाळीस आणि छप्पन यांमधील सोळा तासांचा भार अजून कामगाराच्याच खांद्यावर आहे.